पट्टाबाई आणि राखड्याचं पोट

पट्टाबाई सकाळी उठून आधी देवाकडे बघायची नाही. आधी लेंड्या बघायची. तिच्या बाल्कनीत ससा होता. त्याच्याखाली पसरलेला पेपर ती दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरायची आणि आपण तांदळातले खडे निवडतो तशी एकेक लेंडी बोटानं बाजूला सारायची. मोठी, गोल, कोरडी, दाबली की भुगा होणारी आणि आत गवताचा चुरा दिसणारी लेंडी निघाली की तिचा दिवस चांगला. मग हात धुऊन देवापुढे दिवा. बिल्डिंगमधल्या बायका नाक मुरडायच्या. एकीनं तोंडावर म्हटलं, "शी वं माय, सकाळी सकाळी हे काय पाहून राहिली?" पट्टाबाई म्हणाली, "तू रोज तुह्या नवऱ्याचं तोंड पाहून उठते, मी काही बोलली का?"

पट्टाबाई हे नाव तिला आमच्या नागपूरच्या बेस्यात पडलं नाही. ते ती खापरखेड्याहून सोबत घेऊन आली. तिचा नवरा तिथं वीज केंद्रात कामाला होता. तो आजारपणात गेला आणि त्याच्या जागी तिला लावून घेतलं. कोळसा वाहून नेणारा रबराचा लांबच लांब पट्टा असतो, त्याच्या बाजूला उभं राहायचं, सांडलेला कोळसा फावड्यानं परत वर टाकायचा आणि पट्टा कुठं अडला की ओरडायचं, हे तिचं काम. पहिल्या दिवशी गडी माणसं म्हणाली होती, ही बाई महिनाभर टिकत नाही. ती चोवीस वर्षं टिकली. "तसं म्हणणारे तिघंही माह्या आधी घरी बसले," असं ती सांगायची आणि सांगताना तिला फार बरं वाटायचं. पुढं मुलानं बेस्याला फ्लॅट घेतला आणि तिला घेऊन आला. तिचं दार माझ्या दारासमोर. मी तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, म्हणून ती मला ताई म्हणायची. मी तोंडावर बाई म्हणायची आणि पाठीमागं सगळ्यांसारखी पट्टाबाई.

ससा तिनं आणलेला नव्हता. नातीच्या वाढदिवसाला मुलानं आणला. करड्या रंगाचा, बोटभर लांब केसांचा. नातीनं त्याचं नाव स्नोई ठेवलं. मग नात शिकायला पुण्याला गेली आणि ससा इथंच राहिला. सून म्हणाली, घरभर केस होतात, कोणाला तरी देऊन टाकू. पट्टाबाईनं तोपर्यंत त्याला हातसुद्धा लावला नव्हता. पण हे ऐकलं आणि ती जेवता जेवता उठली. "पोरगी गेली तर तिचं जनावरबी भंगारात काढता का?" असं म्हणून तिनं पिंजरा उचलला आणि आपल्या खोलीच्या बाल्कनीत नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी नाव बदललं. "नागपुरात कुठून आला वं स्नो? खापरखेड्याले आमच्या वाळत्या कपड्यावर जे पडे, त्याच रंगाचा आहे हा. राखड्या."

राखड्याचं नाव तिनं ठेवलं आणि त्याच्या पोटाचं शास्त्रही तिनंच मांडलं. "सशाचं पोट म्हणजे कोळशाचा पट्टा," ती म्हणायची. "वरतून गवत पडत राह्यलं पाहिजे, खालतून लेंडी पडत राह्यली पाहिजे. थांबला की संपलं." ससा दिवसभर स्वतःला चाटतो, चाटताना केस गिळतो. मांजर गिळलेले केस ओकून टाकतं. सशाला ओकता येत नाही, देवानं तशी सोयच ठेवलेली नाही. गिळलेलं सगळं खालूनच निघायला हवं. पोटात गवत हलतं राहिलं तर केसही त्याच्यासोबत वाहून जातात. पोट मंदावलं की केस आणि अन्न मिळून घट्ट गोळा होतो आणि ससा खाणं सोडतो. खाणं सोडलं की पोट आणखी थांबतं. अर्ध्या दिवसात खेळ आटोपतो. हे तिला एका डॉक्टरणीनं समजावलं होतं, पण पट्टाबाई ते अशा थाटात सांगायची जणू तिनंच डॉक्टरणीला शिकवलं.

तिच्या खोलीच्या दारामागं खडूनं तीन खाने काढलेले होते, पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी. प्रत्येक पाळीत एकच शब्द लिहायचा, चालू, मंद किंवा बंद. वर्षानुवर्षं तिथं चालू आणि फार तर मंद होतं. मंद लिहिलं की त्या दिवशी ती कोणाशी धड बोलायची नाही.

मुलानं रंगीत दाण्यांचं पाकीट आणलं होतं. पाकिटावर हसरा ससा. पट्टाबाईनं वास घेतला आणि म्हणाली, "हा चिवडा आहे. चिवड्यावर जगते का कोणी?" संध्याकाळी एक चमचा, बस. बाकी दिवसभर वाळलेलं गवत, थोडी मेथी नाही तर कोथिंबीर, आणि जड मातीच्या परळात पाणी. गवताचं काम तिनं माझ्यावर टाकलं, कारण माझ्या भावाची शेती रामटेककडे. भावानं पहिल्यांदा धानाची तणस, म्हणजे भाताचा पेंढा, भरून पोतं पाठवलं. तिनं ते परत केलं. "भावाले सांग, हे सशानं अंथरायचं आहे, खायचं नाही. धुऱ्यावरचं गवत कापून पाठव." बांधावरचं गवत आलं की ती गच्चीवर सावलीत पसरायची, दिवसातून चारदा उलटवायची आणि मूठ मूठ नाकाशी धरायची. बुरशीचा जरा वास आला की फेकून द्यायची. माझा भाऊ म्हणायचा, एवढं तर माझ्या म्हशीही निवडत नाहीत.

एकदा मी राखड्याला स्वतःच्याच मऊ लेंड्या खाताना पाहिलं आणि तिला बोलावून दाखवलं. मला वाटलं, आता बाईची चांगली जिरली. ती शांत. "गाय रवंथ करते तेव्हा तुले शी वाटते का?" मी म्हटलं, नाही. "मग हा त्याचा रवंथ आहे. त्याची रीत वेगळी. तू तिकडं पाहू नोको, त्याले लाज वाटते." ससा मजेत होता. लाज मलाच वाटत होती.

उन्हाळ्यात ती छपराचं मातीचं कवेलू पाण्यात भिजवून त्याच्या पिंजऱ्यात ठेवायची. राखड्या त्यावर पोट टेकून पसरायचा. आम्ही म्हाताऱ्या घामानं निथळायचो आणि तो कवेलूवर जमीनदारासारखा.

खरं युद्ध केसांवरून होतं. होळीच्या पुढं केस गळायची एक मोठी खेप आणि पोळ्याच्या सुमारास दुसरी. मधले दिवस बारीकसारीक चालूच. त्या दिवसांत पट्टाबाई रोज अर्धा तास त्याला मांडीवर घेऊन बसायची. आधी तळहात ओले करून अंगावरून फिरवायची, सुटे केस हाताला चिकटून यायचे. मग बारीक दातांचा कंगवा. "ओढायचं नाही," ती म्हणायची, "सुटला तेवढाच घ्यायचा. बाकीचा उद्या सुटंल." कोणी सांगितलं, शाम्पू लावून धुऊन काढा. ती म्हणाली, "पाण्यात घातला तर घाबरूनच मरन तो. तूच धू तुहं डोकं." त्या केसांचे पुंजके वाऱ्यानं उडून खालच्या मजल्यापर्यंत जायचे. सोसायटीचे सेक्रेटरी एक दिवस प्लास्टिकच्या पिशवीत केसांचा पुंजका घेऊन पुराव्यासकट दारात आले. "हे माझ्या पोह्यात निघालं," म्हणाले. पट्टाबाईनं आधी पिशवीकडे पाहिलं, मग त्यांच्या तुळतुळीत डोक्याकडे. "तुमचे तर नसतीन," ती म्हणाली, "म्हणजे राखड्याचेच." सेक्रेटरी संतापले आणि नोटीस लावीन म्हणाले. लावलीही. दुसऱ्या दिवशी ती नोटीस राखड्याच्या खाली अंथरलेली होती. पण त्याच आठवड्यात तिनं बाल्कनीला जुन्या नायलॉनच्या साडीचा पडदा बांधला. कोणाला काही न सांगता. मी विचारलं तर म्हणाली, "पोहे मलेबी आवडतात."

आता जे सांगायचं ते माझ्याविषयी आहे आणि ते मला सांगायला आवडत नाही.

मी रामटेकच्या बाजूच्या खेड्यातली. आमच्याकडे पोळ्याला बैल धुऊन, रंगवून, सजवून दारात आणायचे. त्याची पूजा करायची आणि पहिली पुरणपोळी त्याच्या तोंडात. त्याआधी घरात कोणी घास घ्यायचा नाही. बेस्याच्या दुसऱ्या मजल्यावर बैल कुठून येणार? सून बाजारातून मातीची बैलजोडी आणते, त्यांची पूजा होते, पण माती काही खात नाही. त्या वर्षी मी पोळी केली, ताट वाढलं आणि कोणा तरी जित्या जनावराच्या तोंडात घास गेल्याशिवाय मला जेवण जाईना. समोरचं दार उघडं होतं. पट्टाबाई गच्चीवर गवत उलटवायला गेलेली. मी राखड्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि पोळीचा तुकडा पुढं केला. त्यानं तो माझ्या हातातून ओढून घेतला. मग दुसरा. मग तिसरा. गोड खाणं त्याला कधी मिळालेलंच नव्हतं, तो अधाशासारखा खात सुटला. मला फार बरं वाटलं.

मला माहीत नव्हतं असं नाही. बिस्कीट नाही, भाकर नाही, गोड तर नाहीच नाही, हे तिनं मला शंभरदा सांगितलं होतं. मी मनात म्हटलं, हिचं जरा जास्तच आहे. आमच्या बैलांना कुठं काय झालं?

संध्याकाळी तिनं कुंकू पाहिलं आणि हसली. "काहून वं ताई, नवरदेव केला का याले?" मी म्हटलं, पोळा आहे, पूजा केली. पोळीचं काही बोलले नाही. तेव्हा लपवायचं असं काही मनात नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र लपवलं.

सकाळी पेपरवर पाच लेंड्या होत्या. बारीक, मिरीएवढ्या, आणि केसांत ओवलेल्या माळेसारख्या. बाकी काही नाही. गवत रात्री ठेवलं तसंच. राखड्या कोपऱ्यात अंग आखडून बसलेला, डोळे अर्धे मिटलेले, आणि कान देऊन ऐकलं तर दात खात होता. पट्टाबाईनं मेथीची काडी त्याच्या नाकाला लावली. त्यानं तोंड फिरवलं. ती उठली आणि दारामागं खडूनं बंद लिहिलं. माझ्यासमोर. मी तिथंच उभी होते, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

मग शेजारपाजार जमा झाला. एक म्हणाली, एरंडेल पाजा. एक म्हणाली, ओव्याचं पाणी. तिसरीनं भाकरीचा काला करून आणला, जबरदस्तीनं चारा म्हणाली, पोटात काही गेलं की बळ येतं. पट्टाबाईनं सगळ्यांना दारातच अडवलं. "पावसाळ्यात ओला कोळसा नळकांड्यात अडकून बसे," ती म्हणाली. "तेव्हा वरतून अजून कोळसा टाकते का कोणी? आधी पाहायचं, कुठं अडलं. मग मोकळं करायचं. मग थोडं थोडं सोडायचं. चोवीस साल हेच केलं मी. निघा."

मुलगा म्हणाला, "आई, आज सुट्टीचा दिवस, रस्ते बंद. ससाच आहे. काही झालं तर दुसरा आणू."

"तुहा बाप गेला तेव्हा मी म्हटलं का, दुसरा आणू?"

पट्टाबाईनं खोक्यात जुनं लुगडं घातलं, त्यात राखड्याला ठेवलं, बाटलीत कोमट पाणी भरून ती कापडात गुंडाळून त्याच्या अंगाला लावली आणि चपला घातल्या. मी म्हटलं, मी येते. तिला वाटलं मी सोबत म्हणून आले. माझ्या पोटात जे होतं ते मला घरी बसू देत नव्हतं.

सशाचं पोट तिला समजावणाऱ्या त्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना जुन्या शहरात. आणि तो मारबतीचा दिवस. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात रोगराई घालवायला मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, ढोल-ताशे, हजारो माणसं. ऑटोवाल्यानं आम्हाला अलीकडेच उतरवलं. पुढं पोलिसानं दोर लावलेला. "आजी, रस्ता बंद आहे," तो म्हणाला.

पट्टाबाईनं खोक्याचं झाकण जरा उचलून दाखवलं. "तुहा रस्ता बंद, याचं पोट बंद. कोणाचं आधी खोलायचं, सांग."

पोलीस पोरसवदा होता. त्यानं आत डोकावून पाहिलं. "ससा आहे का? काय झालं याले?" आणि दोर वर केला. "गल्लीनं जा, आजी. ढोलाकडून नोका जाऊ, भेईल तो." आम्ही गल्लीगल्लीतून गेलो. ढोलाचा आवाज जवळ आला की पट्टाबाई भिंतीकडे तोंड करून खोक्यावर वाकून उभी राहायची, सगळा पदर त्यावर पसरून. लोक तिला धक्के देत जायचे. ती हलायची नाही. तिला खोकला यायचा तोसुद्धा ती दाबून धरायची. त्या म्हातारीकडे पाहून मला स्वतःचा इतका राग आला की माझी चाल वाढली.

डॉक्टरीण तरणी पोरगी होती. तिनं सशाच्या पोटाला दोन्ही बाजूंनी नळी लावून ऐकलं, बोटांनी हळू चाचपलं, अंग गार पडलंय का पाहिलं. मग विचारलं, "आजी, काल काय काय खाल्लं यानं?"

"गवत, मेथी, पाणी. चमचाभर दाणा," पट्टाबाई म्हणाली. "रोजचंच."

"नक्की? पोटात गॅस वाटून राहिला. नवीन काही खाल्लं असेल तर मला कळलं पाहिजे. त्यावर औषध ठरते."

"माह्या हातानं देतो मी सगळं," पट्टाबाई ठासून म्हणाली. "घरात दुसरं कोणी देत नाही. सुनेनं देल्लं असंल तर तेवढं ठाऊक नाही."

सून तशी वाईट नव्हती. ती त्या सशाच्या जवळही जायची नाही. मी आयुष्यभर लोकांना तोंडावर बोलत आले आणि त्याचा मला गर्व होता. सकाळपासून मी तोंड शिवून बसले होते. आता गप्प राहिले असते तर एक तर ससा मेला असता, नाही तर सुनेवर बालंट आलं असतं. बहुतेक दोन्ही झालं असतं.

"पुरणपोळी," मी म्हटलं. "काल दुपारी. मी देल्ली."

बाहेर ढोल वाजत होते. पट्टाबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी मार खायच्या तयारीत उभी होते.

"किती?" तिनं विचारलं.

"अर्धी."

"खरं सांग."

"पाऊण."

"डॉक्टरीणबाई, पाऊण पोळी," पट्टाबाई म्हणाली. "डाळ आणि गूळ. वरतून केस गळून राहिले. आता सांगा काय करायचं."

मला ती एवढंच बोलली. डॉक्टरणीनं पोटाचा एक्स-रे काढला. आडवं काही अडकलेलं नव्हतं, पोट थांबलं होतं. दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं, कातडीखाली पाणी सोडलं, पोट चालतं करायचं औषध दिलं. मग गवताची बारीक पूड पाण्यात कालवून सुई नसलेल्या पिचकारीनं तोंडाच्या कडेनं थेंब थेंब द्यायला शिकवलं. घाई करायची नाही, नाही तर ठसका लागतो, असंही सांगितलं. आमच्या जवळच्या एका ढोरांच्या डॉक्टरनं आधी कधी तरी पट्टाबाईला सांगितलं होतं, ससे मरतातच, मनाला लावून घेऊ नका. या पोरीनं तसं काही म्हटलं नाही. ती म्हणाली, उद्या दुपारपर्यंत लेंडी आली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बाल्कनीत समोरासमोर बसलो होतो, मध्ये ससा. पट्टाबाई दर दोन तासांनी पिचकारी लावत होती. माझ्याशी अक्षर बोलत नव्हती. अकराच्या सुमारास राखड्या उठून दोन पावलं चालला, शेपटी उचलली आणि पेपरवर एक लेंडी टाकली. वाकडीतिकडी, केसाळ, ओली. पट्टाबाईनं ती उचलली, उजेडात धरली आणि दोन बोटांत दाबली.

"डाळ," ती म्हणाली. आणि लेंडी माझ्यापुढं धरली. "पाह्य, तुहा नैवेद्य."

मी पाहिलं. तेवढी शिक्षा तर मला घ्यायलाच हवी होती. मग तिनं कंगवा माझ्या हातात दिला. "आजपासून केस तू काढायचे. रोज. ओढायचं नाही. सुटला तेवढाच घ्यायचा." तेव्हापासून केस मी काढले. पहिले आठ दिवस ती बाजूला बसून चुका काढायची. नंतर खुर्चीत डुलक्या घ्यायची. पण माझा हात थांबला की डोळे न उघडता म्हणायची, "मानेखालचे राह्यले."

पुढच्या होळीनंतर तिचा खोकला वाढला. जुनाच खोकला, तिनं कधी मनावर घेतला नव्हता. सशासाठी मारबतीची गर्दी तुडवणारी बाई स्वतःसाठी दवाखान्याची पायरी चढायला तयार नव्हती. शेवटी मुलानं उचलूनच नेलं. चार दिवस झाले. नाकाला नळी, श्वास लागलेला. मी दुपारी भेटायला गेले. सून स्टुलावरून उठली आणि मला जागा दिली. पट्टाबाईनं डोळे उघडले आणि नळी बाजूला केली. सून नको-नको म्हणाली, पण ऐकते कोण.

"केस?"

"गळून राहिले. ढीगभर."

"लेंडी?"

"आज दोन माळा निघाल्या." मी खरं सांगितलं. तिच्याशी दुसऱ्यांदा खोटं बोलायची माझी हिंमत नव्हती.

ती चिडली. खरोखर चिडली, त्या अवस्थेत. "मग तू इथं काय करून राहिली वं? जा."

मी उठले. सुनेनं माझ्याकडे बघितलं, तिला वाटलं मी बसेन. मी बसले नाही. ऑटो केला, घरी आले, हात ओले केले आणि राखड्याला मांडीवर घेतलं. एक बाजू झाली, दुसरी बाजू चालू होती, तेव्हा तिच्या मुलाचा फोन आला. माझे हात कोपरापर्यंत केसांनी भरलेले. मी फोन कानाला लावून ऐकलं, ठेवला आणि राहिलेली बाजू पुरी केली. मानेखालचेही काढले. मग पाणी ठेवलं, गवत ठेवलं आणि गेले.

नंतर बायका बोलल्या. एवढी रोजची सोबत आणि शेवटच्या घटकेला ही सशाचे केस विंचरत होती. एकीनं मला ऐकू येईल असं म्हटलं. मी वळून सांगितलं, "तिनं मले जिथं धाडलं तिथं होती मी. तुले कुठं धाडलं होतं?" शेवटच्या घटकेला तिचा हात धरायला तिथं मुलगा होता, सून होती. राखड्याजवळ कोणी नव्हतं.

तेरवी झाली. चौदाव्या दिवशी तिचा मुलगा माझ्या दारात आला, हातात बांबूची टोपली. भला माणूस आहे. म्हणाला, "काकू, रामटेककडे ओळखीचं शेत आहे. राखड्याले तिकडं सोडतो. मोकळा राहीन."

"दोन दिवस मोकळा राहील," मी म्हटलं, "तिसऱ्या दिवशी कुत्र्याच्या तोंडात जाईल. आणि आत्ता तर त्याचे केस गळून राहिले. या दिवसांत हलवला तर खाणं सोडते. पंधरा दिवसांनी ये."

पंधरा दिवसांनी तो टोपली घेऊन आला, तेव्हा पिंजरा माझ्या बाल्कनीत आलेला होता. तोवर ऊन तापलं होतं, वाटेत मरेल म्हटलं. पावसाळ्यात आला, तेव्हा म्हटलं, ओलं गवत खाईल आणि पोट फुगेल. पोळ्याला आला तर दुसरी खेप सुरू होती. माझा स्वतःचा मुलगा म्हणाला, "आई, तुझं वय काय, तुला हा कशाला पाहिजे?" मी म्हटलं, माझं वय आहे तेवढंच आहे, सशाचं काय ते सशाला विचार. सोसायटीत नवे सेक्रेटरी आलेत. त्यांचंही मी दारात उभं राहून ऐकून घेते आणि दार लावते.

याला तीन वर्षं झाली. परवा तिचा मुलगा पुन्हा टोपली घेऊन आला. चहा पिताना म्हणाला, "काकू, तुम्हाले द्यायचाच नसन तर सरळ सांगा नं."

"द्यायचा नाही," मी म्हटलं.

त्यानं चहा संपवला, राखड्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि निघाला. टोपली मात्र मी ठेवून घेतली. गवत ठेवायला बरी आहे.